टाच दुखतेय, पण धावणं सोडायचं नाहीये: प्लांटर फॅसायटिससोबतचं एक वर्ष

(आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे कमी केलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

चालता चालता ऐकताय ना? मग आजचा भाग तुमच्यासाठीच आहे, कारण आज टाचेबद्दल बोलायचंय.

आधी एक प्रश्न विचारते, मनातल्या मनात उत्तर द्या. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल जमिनीवर टेकवलं की टाचेत खिळा टोचल्यासारखं होतं का? चार-पाच पावलं लंगडत टाकली की जरा बरं वाटतं, आंघोळ-चहा होईपर्यंत तर विसरायलाही होतं. आणि मग दुपारी दोन तास खुर्चीत बसून उठलात की परत तेच? उत्तर 'हो' असेल तर हा भाग पूर्ण ऐका. 'नाही' असेल तरी ऐका, घरात कुणाला तरी हे होत असण्याची बरीच शक्यता आहे. माझ्या घरात होतं. त्याची गोष्ट पुढे सांगते.

माझ्याबद्दल थोडक्यात. मी सातारची. दिवसभर सीएच्या ऑफिसात बसून काम, आणि सकाळी धावणं. आठवड्यातून दोनदा अजिंक्यतारा, रविवारी यवतेश्वरचा घाट. साताऱ्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते हे तुम्हाला माहीत असेलच. २१ किलोमीटर, त्यात कासच्या बाजूला घाट चढायचा आणि तोच घाट उतरून परत यायचं. गेल्या वर्षी मी तिची तयारी करत होते, आणि मे महिन्यात माझी उजवी टाच दुखायला लागली.

नक्की दुखतं काय?

तळपायात, टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. त्याला म्हणतात प्लांटर फॅशिया. पायाची जी कमान असते ना, ती ताणून धरायचं काम हा पट्टा करतो. धनुष्याची दोरी डोळ्यांसमोर आणा.

एक गंमत करून बघा. उभे राहा आणि हाताने पायाचा अंगठा वर उचला, तळपाय जमिनीवरच ठेवून. कमान वर उचलली जाते, दिसलं? पट्टा बोटांच्या मुळाभोवती गुंडाळला जातो आणि ताणला जातो. हिक्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५४ साली याला 'विंडलास' यंत्रणा असं नाव दिलं. विंडलास म्हणजे दोर गुंडाळून ओझं वर ओढायचा रहाट. चालताना प्रत्येक पावलाला, टाच उचलली की हा रहाट फिरतो आणि पाय कडक होऊन आपल्याला पुढे ढकलतो.

आता हिशोब करा. धावताना पायावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, आणि एका किलोमीटरला साधारण हजार पावलं पडतात. पट्टा मजबूत असतो, तो हे झेलतो. पण भार वाढण्याचा वेग पट्ट्याच्या तयार होण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की टाचेच्या हाडाला तो जिथे चिकटलेला असतो, तिथे त्याची झीज सुरू होते. टाचेच्या आतल्या बाजूला, थोडं पुढे. तिथे अंगठ्याने दाबलं की माणूस ओरडतो.

मी 'झीज' म्हणाले, 'सूज' नाही. हे महत्त्वाचं आहे. फॅसायटिस या नावातलं 'आयटिस' म्हणजे सूज, दाह. पण २००३ साली अमेरिकेत ऑपरेशनमध्ये काढलेले ५० नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले, तेव्हा त्यात दाहापेक्षा तंतू झिजल्याच्याच खुणा मिळाल्या. म्हणून काही डॉक्टर आता याला 'फॅसिओसिस' म्हणतात. तुम्हा-आम्हाला याचा उपयोग काय? सूज असती तर गोळी घेऊन, बर्फ लावून आठवड्यात उतरली असती. झिजलेला पट्टा परत भक्कम व्हायला वेळ लागतो, आणि त्याला हळूहळू काम द्यावं लागतं.

आणि सकाळचं पहिलं पाऊलच का दुखतं? झोपेत आपला पाय खाली झुकलेला असतो, पट्टा सैल आणि आखडलेल्या अवस्थेत रात्रभर पडून असतो. उठून उभं राहिलं की सगळं वजन एकदम त्याच्यावर येतं आणि तो खाडकन ताणला जातो.

'हाड वाढलंय' म्हणजे काय?

टाच दुखते म्हटलं की आपल्याकडे पहिलं वाक्य येतं, "हाड वाढलं असेल!" एक्स-रेमध्ये टाचेला छोटा काटा दिसतो, आणि मग माणूस घाबरतो की हा काटाच टोचतोय. पण असा काटा टाच अजिबात न दुखणाऱ्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्येही असतो. आणि ज्यांचं दुखणं बरं होतं, त्यांचा काटा तसाच राहतो. त्यामुळे रिपोर्टमध्ये 'कॅल्केनियल स्पर' लिहिलेलं दिसलं तर ऑपरेशनची स्वप्नं बघू नका. बहुतेक वेळा निदान तुमचं ऐकून आणि टाच दाबून बघूनच होतं.

कुणाला होतं? धावणाऱ्यांना, दिवसभर कडक फरशीवर उभं राहणाऱ्यांना, वजन जास्त असणाऱ्यांना, आणि ज्यांच्या पोटऱ्या आखडलेल्या असतात त्यांना. चाळिशी ते साठीत जास्त दिसतं, पण माझ्यासारख्या सत्ताविशीतल्या धावणाऱ्यांनाही गाठतं.

पोटरीचं विशेष सांगते, कारण घाटात धावणाऱ्यांना आणि गडावर जाणाऱ्यांना ते लागू पडतं. पोटरीचे स्नायू टाचेच्याच हाडाला मागून जोडलेले असतात. पोटरी आखडली की घोटा पुरेसा वाकत नाही, आणि न वाकलेल्या घोट्याची भरपाई तळपायाची कमान दबून करते. चढावर तर पोटरी दुप्पट राबते. माझ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मला भिंतीसमोर उभं केलं, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला सांगितला आणि पाय हळूहळू मागे घ्यायला लावला. डावा पाय भिंतीपासून चार बोटं मागे गेला तरी गुडघा टेकत होता, उजव्याचा दोन बोटांवरच अडकला. त्या म्हणाल्या, "हे बघ, उत्तर इथे आहे."

मग मी विचारलं, "किती दिवसांत बरं होईल?" त्या म्हणाल्या, "बहुतेक लोक ऑपरेशनशिवाय बरे होतात. पण सहा महिने ते वर्ष धरून चाल."

वर्ष! शर्यत साडेतीन महिन्यांवर होती.

न धावणाऱ्याचं काय होतं?

यावर कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. रोज धावणाऱ्या माणसाचं धावणं काढून घेतलं तर फक्त व्यायाम जात नाही. सकाळचे मित्र जातात. झोप बिघडते. ऑफिसातला ताप कुठे सोडायचा ते कळत नाही. आमच्या ग्रुपवर रोज सव्वासातला घाटातले घामेजलेले फोटो यायचे, आणि मी गरम पाण्याच्या टबात पाय बुडवून ते बघत बसायचे. वर सल्ले असायचेच. "आराम कर ना जरा." "एवढं धावायची गरजच काय मुलीला?" हे दुसरं वाक्य तर दुखण्यापेक्षा जास्त टोचायचं.

मॅडमनी एक गोष्ट चांगली केली. त्यांनी 'बंद' हा शब्द वापरला नाही. त्यांनी दोन याद्या केल्या. थोड्या काळासाठी थांबवायचं: घाट, पायऱ्या धावणं, दोरीच्या उड्या. चालू ठेवायचं: सायकल, पोहणं, कंबर आणि मांड्यांचे व्यायाम, सपाटीवर चालणं. आणि मोजायला एक पट्टी दिली. शून्य ते दहा. काम करताना दुखणं तीन-चारच्या आत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं पाऊल कालच्यापेक्षा वाईट नसेल, तर चालेल. वाईट असेल तर काल जास्त झालं, आज कमी करायचं. मी फोनमधल्या नोट्समध्ये रोज फक्त एक आकडा लिहायला लागले. जूनमध्ये सात होता.

आता व्यायाम. लिहून घ्या किंवा हा भाग सेव्ह करा.

पहिला, अंथरुणातच. पहिलं पाऊल टाकायच्या आधी. पलंगाच्या कडेला बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. त्याच बाजूच्या हाताने पायाची बोटं नडगीच्या दिशेने मागे ओढा. दुसऱ्या हाताने तळपाय चाचपा, पट्टा तारेसारखा ताठ लागला पाहिजे. दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, त्यात सकाळचं आणि बराच वेळ बसून उठण्याआधीचं चुकवायचं नाही. २००३ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात हा ताण आणि नुसता पोटरीचा ताण यांची तुलना केली होती, आणि आठ आठवड्यांनी हा ताण देणाऱ्यांचं सकाळचं दुखणं जास्त कमी झालं होतं. खर्च शून्य.

दुसरा, पोटरीचा. भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीवर. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून. अर्धा-अर्धा मिनिट. गुडघा वाकवल्यावर खोलवरचा स्नायू ताणला जातो, म्हणून दोन्ही करायचे.

तिसरा, आणि माझ्या मते धावणाऱ्यांसाठी सगळ्यात मोलाचा. पायरीच्या कडेवर चवडा ठेवायचा, टाच बाहेर. टॉवेलची गुंडाळी करून बोटांखाली ठेवायची, म्हणजे बोटं वर राहतात आणि तो रहाट फिरलेला राहतो. आता एका पायावर सावकाश वर. तीन सेकंद वर जायला, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंद खाली यायला. बारा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. सोपं जायला लागलं की पाठीवर सॅक, सॅकमध्ये पुस्तकं. वजन वाढवायचं आणि फेरीतली संख्या कमी करायची. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हा व्यायाम तपासलाय. तीन महिन्यांनी तो करणाऱ्यांची स्थिती फक्त ताण देणाऱ्यांपेक्षा बरी होती. पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गट जवळपास सारखेच होते, तेही सांगून ठेवते. म्हणजे हा जादूचा उपाय नाही, पण लवकर बरं वाटायला मदत होते, आणि पाय घाटासाठी तयार होतो.

एका पायावर जमत नसेल तर दोन्ही पायांवर सुरुवात करा. आणि पहिल्या आठवड्यात थोडं जास्त दुखलं तर तीच शून्य-ते-दहाची पट्टी वापरा.

बाकीच्या गोष्टी पटापट. टेनिस बॉल किंवा गोठवलेली पाण्याची बाटली तळपायाखाली फिरवणं: बरं वाटतं, करा. (मी एकदा लाटणं घेतलं होतं, आईने ते परत स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही.) गरम विटेवर रुईचं पान ठेवून शेक: आजीच्या काळापासून चालत आलंय, शेकाने आराम वाटतो, पण ज्यांना मधुमेह आहे आणि पायाला कमी जाणवतं त्यांनी हे अजिबात करायचं नाही, भाजलेलं कळत नाही. बुटातली सिलिकॉनची टाच: बऱ्याच जणांना फायदा होतो, साधी मेडिकलमध्ये मिळणारी घेऊन बघा. स्टिरॉइडचं इंजेक्शन: काही आठवडे आराम पडतो, पण पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याचा धोका असतो, त्यामुळे शर्यतीच्या तारखेसाठी म्हणून इंजेक्शन, हे नको. ते ठरवायचं डॉक्टरांशी नीट बोलून.

आईची टाच

आता ती गोष्ट.

आमच्या घराला लागूनच आईचं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे पाचपासून अकरापर्यंत ती उभी. शहाबादी फरशी, अनवाणी पाय, दीडशे-दोनशे पोळ्या. जुलैमध्ये एकदा मी पलंगाच्या कडेला बसून बोटं ओढत होते. ती चहा घेऊन आली, म्हणाली, "हे काय चाललंय?" मी सगळं समजावलं. पट्टा, पहिलं पाऊल, खिळा टोचल्यासारखं. ती ऐकून म्हणाली, "एवढंच ना? मला तीन वर्षं होतंय हे."

तीन वर्षं. भिंतीला धरून ओट्यापर्यंत जायचं, आणि पोळपाट घेतलं की विसरायचं. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "का नाही बोललीस?" तर म्हणाली, "उभं राहायचं काम आहे, पाय दुखणारच. त्यात सांगायचं काय?"

मंडळी, मी टाच दुखली म्हणून फिजिओकडे गेले, कारण मला २१ किलोमीटर धावायचं होतं. आई रोज सहा तास पायावर उभी असते, पण 'अॅक्टिव्ह' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तिचं चित्र येत नाही. तिच्या पट्ट्याला मात्र बुटांचा ब्रँड किंवा पदक कळत नाही, फक्त भार कळतो.

मी तिला मॅडमकडे घेऊन गेले. व्यायाम तिने लगेच घेतले. अडचण आली चपलांची. मॅडम म्हणाल्या, कडक फरशीवर अनवाणी उभं राहायचं नाही, मऊ तळव्याची चप्पल घाला. आई म्हणाली, "स्वयंपाकघरात चप्पल? अहो, अन्न शिजवते मी तिथे." यावर मी वाद घातला नाही. मलाही ते विचित्रच वाटत होतं. शेवटी आम्ही कोरी जोडी आणली, जाड मऊ तळव्याची, टाचेला जरा उंची असलेली. ती स्वयंपाकघरातच राहते, उंबऱ्याबाहेर जात नाही, आणि आठवड्याला धुतली जाते. पहिले चार दिवस आई ती घालून गॅसजवळ जाताना देवघराकडे बघायची. मग सवय झाली. ओट्यासमोर रबरी मॅट टाकली, आणि कणकेचे गोळे करायला उंच स्टूल. म्हणजे सहा तासांतले दोन तास बसून.

तिला आठ महिने लागले. मला पूर्ण वर्ष नाही लागलं, तिच्याआधी बरं वाटलं. पण तिने एकही दिवस बोटं ओढणं चुकवलं नाही, मी चिक्कार चुकवलं असतं जर ती रोज सकाळी "ओढलीस का?" म्हणून विचारायला नसती.

परत धावणं

सप्टेंबरच्या शर्यतीला मी धावले नाही. ऑगस्टमध्ये माझा आकडा चार होता, सपाटीवर जमलं असतं, घाटात नाही. निर्णय सोपा नव्हता, फी भरलेली होती. त्या दिवशी मी सायकल घेऊन गेले, कडेला बसून ओरडून ओरडून घसा बसवला.

परतीचा रस्ता असा होता. आधी अर्धा तास जोरात चालणं, दुसऱ्या दिवशी आकडा न वाढता. ते दोन आठवडे जमलं की एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, सपाट रस्त्यावर. दर आठवड्याला धावण्याची मिनिटं थोडी वाढवायची, एक दिवसाआडच. डिसेंबरमध्ये सलग ५ किलोमीटर. चढ सगळ्यात शेवटी, आणि आधी चालत. फेब्रुवारीत अजिंक्यताऱ्यावर धावत गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा होता एक. व्यायाम अजून चालू आहेत, आठवड्यातून दोनदा. ते बंद करायचा विचार नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचंच?

हे नीट ऐका. प्रत्येक टाचदुखी म्हणजे प्लांटर फॅसायटिस नाही. तळपायाला मुंग्या, बधिरपणा किंवा जळजळ असेल. रात्री झोपेतही, पाय मोकळा असतानाही ठणकत असेल. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर जोरात दुखत असेल, तिथे हाडाला बारीक तडा असू शकतो. सूज, लाली, ताप असेल. धावताना 'टक' असा आवाज होऊन एकदम दुखायला लागलं असेल. किंवा दोन्ही टाचा दुखतायत आणि सोबत सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ कंबर आखडलेली असते. तरुण मुलामुलींमध्ये हे शेवटचं लक्षण संधिवाताच्या एका प्रकाराचं असू शकतं, ते अंगावर काढू नका. आणि मधुमेह असेल तर पायाचं कुठलंही दुखणं आधी डॉक्टरांना दाखवायचं. मी डॉक्टर नाही, माझा अनुभव आणि मला शिकवलं गेलेलं तुम्हाला सांगतेय.

तर आजचा गृहपाठ. उद्या सकाळी उठलात की घरातल्यांची पहिली चार पावलं बघा. कुणी भिंत धरतंय का, कुणी चवड्यावर चालतंय का. असेल तर चहा घेऊन शेजारी बसा आणि विचारा, "किती दिवसांपासून?" बोटं ओढायचा व्यायाम तिथेच दाखवता येतो, दोन मिनिटं लागतात.

तुमच्या टाचेचे, गुडघ्याचे, कंबरेचे अनुभव व्हॉइस नोट करून पाठवा. ढोल पथकातल्या, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या, दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्या सगळ्यांचे हवेत. पुढच्या भागात मॅडम स्वतः येणार आहेत, बूट कसे निवडायचे ते सांगायला. प्रश्न आत्ताच पाठवून ठेवा.

चला, भेटू. आणि उठायच्या आधी बोटं ओढा!